सरपंचांचं पथ्यपाणी

मोहोळमध्ये मांजराने काय खावं, हे मांजराच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. दूध-भाकरी. दूध म्हशीचं, भाकरी मालदांडी ज्वारीची आणि दोन्ही कालवून वाढणारी बाई घरातली सगळ्यात वडीलधारी. यात बदल सुचवणारा माणूस एकतर जनावरांचा डॉक्टर असतो, नाहीतर पुण्याहून आलेला असतो. आमच्या घरावर दोघांचीही कृपा एकाच वेळी झाली.

आमच्या बोक्याचं नाव सरपंच. मोहोळची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली तेव्हा गावात सरपंचपद उरलं नाही. ते पार नाहीसं होऊ नये म्हणून आम्ही घरात ठेवून घेतलं. रंगाने तांबडा, अंगाने भरलेला, वय सहाच्या आसपास, म्हणजे मांजरांच्या हिशेबाने चाळिशीतला गृहस्थ. चाळिशीतल्या गृहस्थाने आजवर न चाखलेली भाजी आपणहून मागून घेतल्याचं उदाहरण आमच्या खानदानात तरी नाही.

तर या गृहस्थाचे केस राठ झाले, पोट खाली लोंबायला लागलं आणि पोटाच्या आतलं कामकाज पातळ झालं. बायकोने त्याला बाजाराच्या पिशवीत घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे पुढे एक जर्सी गाय, मागे दोन शेळ्या आणि मध्ये पिशवीतून डोकावणारे सरपंच. शेळीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "ह्येचं दूध किती निघतं?"

डॉक्टरांनी विचारलं, "काय खायला घालता?"

"आमच्यात जे करतो तेच," बायको अभिमानाने म्हणाली. "वेगळं काही ठेवलं नाही. घरातलाच समजतो आम्ही त्याला."

"तेच बंद करायचंय," डॉक्टर म्हणाले. दूध बंद. भाकरी हळूहळू बंद. मांस-मासे सुरू, आणि जमलं तर मांजराचं तयार खाद्य.

ही बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली. शेजारच्या आक्का कुंपणावरून म्हणाल्या, "मांजराला दूध वर्ज्य? मग आता म्हशीला वैरणबी वर्ज्य करत्याल!" आक्कांना दोष देता येत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं इथपर्यंतच आपल्या म्हणीला ठाऊक आहे. प्यायल्यानंतर काय होतं ते म्हणीत नाही. पिल्लू आईला पीत असतं तोवर त्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं द्रव्य भरपूर असतं. अंगावरचं सुटलं की ते आटत जातं. मोठं मांजर दूध पितं ते आवडतं म्हणून, पचतं म्हणून नव्हे. पचत नाही ते कोणाच्या तरी चटईवर सापडतं.

भाकरीचं प्रकरण मात्र नाजूक होतं. ज्वारीबद्दल मोहोळकराला बाहेरच्याने काही सांगू नये. 'एम ३५-१' हे रब्बी ज्वारीचं नावाजलेलं वाण १९३० च्या दशकात इथल्याच शेती संशोधन केंद्रावर, स्थानिक मालदांडीतून निवडून निघालं आणि दख्खनच्या काळ्या रानातून अजून हललेलं नाही. पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते शेजारच्या मंगळवेढ्याच्या मालदांडीला. हे मोहोळकर बोलून दाखवत नाहीत, पण विसरलेलेही नाहीत. अशा गावात एक बोका भाकरी सोडणार, म्हणजे गावाच्या कर्तबगारीवर अविश्वासाचा ठराव आला. वास्तविक मांजराच्या लाळेत पिष्ट पचवायला सुरुवात करणारं द्रव्यच नसतं. शिजवलेली ज्वारी त्याला थोडीफार पचते; पण पोटभर भाकरी म्हणजे पोटभर नुसती समजूत.

साखरेच्या बाबतीत तर सरपंच पुरते परके निघाले. २००५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की गोड चव ओळखायला जी दोन जनुकं लागतात त्यांतलं एक मांजरांमध्ये मोडून पडलेलं आहे. मांजराला गोड कळतच नाही. सरपंच पेढा खातात तो खव्यातल्या तुपासाठी. टाकळी सिकंदरला साखर कारखाना, अनगरला साखर कारखाना, हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. अशा तालुक्यात गोडाशी काडीचा संबंध नसलेला हा एकच रहिवासी असावा. ऊसदराच्या आंदोलनाच्या दिवशीही तो इतका शांत का झोपतो, हे मला तेव्हा कळलं.

आता आई. आई माळकरी आहे. मोहोळपासून पंढरपूर असं कितीसं लांब, त्यामुळे वारी चुकवायला तिला कधी कारण मिळालेलं नाही. घरात अंडंसुद्धा येत नाही. तिच्या मते तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला बोकाही माळकरीच. फक्त माळ तेवढी गळ्यात ठरत नाही.

"इतकी वर्सं गपगुमान खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "आत्ताच काय धाड भरली?"

मांजराला वैराग्य चिकटवायची हौस आपली फार जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणारं मांजर आहे. उंदरांनी त्याच्यावर विश्वास टाकला आणि मग उंदीर कमी होत गेले. हितोपदेशातला दीर्घकर्ण नावाचा बोका जरद्गव या म्हाताऱ्या गिधाडाला सांगतो, की मी रोज स्नान करतो, मांसाला शिवत नाही, चांद्रायण व्रत चालू आहे. त्यानंतर त्या झाडावरची पक्ष्यांची पिलं एकेक करून नाहीशी होतात. तमिळनाडूत महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या अवाढव्य शिल्पातही मागच्या दोन पायांवर उभं राहून तप करणारं मांजर कोरलेलं आहे आणि त्याच्याजवळ भाबडे उंदीर. कोरणाऱ्यालाही ठाऊक होतं की हे मांजर खोटं बोलतंय.

आईला मी हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "ती तिकडची मांजरं असत्याल."

शेवटी पुराण सोडून शास्त्राकडे वळावं लागलं. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. ते मांसात आणि माशांत असतं, ज्वारीत नसतं, दुधात नावापुरतं असतं. माणूस ते स्वतःच्या शरीरात तयार करतो, कुत्राही बराचसा करतो. मांजराला गरजेएवढं जमत नाही. ते कमी पडत राहिलं तर डोळ्यांमागचा पडदा झिजतो आणि हृदय सैल पडून फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं, की दुकानातलं तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांचीसुद्धा हृदयं याच कारणाने फुगत होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणं हेही मांजराला येत नाही. थोडक्यात, शाकाहार ही मांजराच्या इच्छेची बाब नाही, त्याच्याकडे त्यासाठीची यंत्रसामग्रीच नाही.

यातलं 'हृदय' एवढंच आईला लागू पडलं. तिच्या डब्यात स्वतःच्या बीपीच्या गोळ्या असतात. तिने विचारलं, "मग त्याला बी गोळ्या न्हाईत का मिळत?"

"मिळतात की," बायको म्हणाली. "गोळ्याच आहेत."

अशा रीतीने मांजराचं सुकं खाद्य आमच्या माळकरी घरात औषध म्हणून दाखल झालं. औषधाला सोवळंओवळं नसतं.

पाकीट आणलं पुण्याच्या भाच्याने. त्याच्या फ्लॅटमध्ये दोन मांजरं आहेत आणि त्यांच्या जेवणाचं वेळापत्रक फ्रिजला चिकटवलेलं आहे. त्याने गुडघ्यावर बसून सरपंचांपुढे गोळ्या मांडल्या आणि पुणेरी आवाजात "घे बाळा" म्हणाला. सरपंचांनी वास घेतला. आमच्याकडे पाहिलं. मग उजव्या पंजाने ताटलीशेजारची फरशी खरवडायला सुरुवात केली. मांजर फरशी अशी कशानंतर खरवडतं, हे ज्याच्या घरी मांजर आहे त्याला सांगायला नको. भाचा म्हणाला, "मामा, ही इन्स्टिंक्ट असते." आई म्हणाली, "त्याला कळतंय समदं."

मांजराची ही अढी उगाच नसते. खाण्याच्या आवडीनिवडी त्याच्या पिल्लूपणीच पक्क्या होतात. त्या वयात ज्याचा वास नाकात बसला ते अन्न, बाकीचं संशयास्पद. जिभेवर चव घेणारी केंद्रं आपल्याकडे हजारोंनी, त्याच्याकडे काहीशे. तो नाकानेच जेवतो. म्हणून फ्रिजमधलं गारठलेलं अन्न त्याच्या लेखी अन्नच नाही. नुकत्याच मारलेल्या उंदराएवढं कोमट असलं तर विचार होऊ शकतो. ताटली पसरट लागते, खोल वाटीत मिशा घासलेल्या पुष्कळ मांजरांना चालत नाहीत. आणि माणसाला चारचौघांत बसून जेवायला आवडतं तसं त्याला आवडत नाही. भोवती सहा माणसं वाकून "खातोय का, खातोय का" करत असली, की तो खात नाही. आम्ही सहाजण होतो.

मग सल्ले सुरू झाले आणि सगळ्यांचा सल्ला एकच. "ठेवा की उपाशी. दोन दिसांत झक मारून खातंय." भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा हे तत्त्वज्ञान आमच्याकडे तान्ह्या बाळापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना लागू करतात. नेमकं मांजराला ते लागू होत नाही, आणि या लेखात गंभीरपणे वाचायची एकच ओळ असेल तर ती ही आहे. अंगाने भरलेल्या मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, तर अंगातली चरबी वितळून यकृतात येऊन तुंबते आणि यकृत बंद पडायला लागतं. मांजर यात दगावतं. हट्ट मोडण्यासाठी त्याला उपाशी ठेवायचं नसतं; आणि अख्खा दिवस त्याने तोंडाला काही लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन करायचा असतो. महिन्याला दोन एकादश्या, वर सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी सांभाळणाऱ्या गावात उपवास न झेपणारा हा एकच जीव. आईला हे पटायला वेळ लागला, पण पटल्यावर तिने आक्कांना असं काही झापलं की उपाशी ठेवायचा विषय गल्लीतून कायमचा गेला.

डॉक्टरांचा मार्ग सहकारातल्या निवडणुकीसारखा होता. जुनं पॅनेल एकदम पाडायचं नाही. त्यातच आपला एक माणूस घुसवायचा. पाऊण भाग भाकरीचा कुस्करा, पाव भाग नवीन खाद्य. ते निवांत खातोय असं दिसलं की निम्मं-निम्मं. मग पाऊण नवीन. आणि एके दिवशी जुन्या पॅनेलला कळतं की आपलं बहुमत गेलं. साध्या मांजराला यात आठ-दहा दिवस पुरतात. हट्टी मांजराला महिना, कधी दीड महिना. सरपंचांचा राजकारणातला अनुभव मोठा. त्यांनी कुस्करा चाटूनपुसून खाल्ला आणि गोळ्या ताटलीच्या कडेला ओळीने लावून ठेवल्या, मोजून घ्या म्हणून.

मग मांसाची बाजू लावून धरायची ठरली. मी चिकनच्या दुकानात गेलो. माळकरणीचा मुलगा दुकानाच्या पायरीवर दिसला म्हणून आधीच दोघेजण थबकले होते.

"पाव किलो द्या, बिनहाडाचं. घरी मीठ-मसाला न घालता उकडायचंय."

"कोण आजारी हाय?"

"सरपंच."

"कुठल्या गावचं?"

"आमच्याच घरी असतात. डॉक्टरांनी अळणी सांगितलंय."

"बीपी असंल," तो सुरी चालवत म्हणाला. "पदावर बसून बसून व्हतंयच."

अळणी का, तर आपल्या रश्शातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. सोलापूरची शेंगा चटणी जगात भारी असली तरी तिच्यात लसूण असतो, त्यामुळे भाकरीच्या कडेला लागलेली चटणीही त्याला नको. रश्शातली उरलीसुरली हाडं तर नकोतच. शिजलेलं हाड तडकून घशात रुततं. शिवाय नुसत्या उकडलेल्या मांसावरही भागत नाही. जंगलात मांजर उंदीर खातं ते हाडांसकट, म्हणून कॅल्शियमची भरपाई होते. नुसतं बिनहाडाचं खाऊन हाडं ठिसूळ होतात. काळीज रोज दिलं तर अ जीवनसत्त्व अंगात साठून मणके आखडतात. बाजारातल्या एका दुकानदाराने कुत्र्याच्या खाद्याचं पोतं दाखवून "येकच असतंय की, चार पायांचंच हाय" असं समजावलं, पण तेही चालत नाही. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला लागतं तेवढं टॉरिन घालत नाहीत. म्हणून रोजचा आधार तयार खाद्याचा आणि वर थोडं मांस, हा डॉक्टरांचा हिशेब.

स्वयंपाकघरात प्रश्नच नव्हता. अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चमचा आणि त्यांच्यावर चुन्याने केलेली खूण. चिकन उकडत असलं की आई तुळशीकडे तोंड करून हरिपाठाला बसायची. मध्येच वळून न बघता विचारायची, "खाल्लं का?"

नाही खाल्लं. वास घेतला, फरशी खरवडली, निघून गेले. मासा करून बघितला. उजनीची चिलापी काटे काढून, उकडून. तीही नाही. आईचा चेहरा दिवसेंदिवस उजळत चालला. तिचं म्हणणं सिद्ध होत होतं.

कोडं एवढंच होतं, की न खाणाऱ्या या प्राण्याचं वजन कमी होत नव्हतं.

ते उलगडलं समोरच्या मामांमुळे. मामा सहज म्हणाले, "आमचा वाघ्या आज आला न्हाई. बोंबील ठिवलेत त्याला." वर्णन विचारलं तर तांबडा, भरलेला, डाव्या कानाला खाच. चौकशी वाढवली. मागच्या बोळातल्या निवृत्त गुरुजींकडे तोच बंडू होता आणि सकाळी दुधात बुडवलेला पाव खात होता. आक्कांकडे तो नुसता 'मन्या' होता, आणि म्हशीला वैरण वर्ज्य करणाऱ्या याच आक्का त्याला रविवारी मटणाच्या चरबीचे तुकडे घालत होत्या, आमच्या आईला कळू नये म्हणून गुपचूप. चार घरं, चार नावं, चार जेवणं. आमच्याकडे तो नखरेल नव्हता. आमच्याकडे यायच्या आत त्याचं पोट भरलेलं होतं.

मांजरांचे डॉक्टर जगभर सांगतात, की मांजर खात नसेल तर आधी ते आजारी नाही ना हे बघा आणि मग ते दुसरीकडे जेवत नाही ना हे बघा. आमच्या गल्लीत आम्ही उलट क्रमानेही गेलो असतो तरी चाललं असतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या महाभारतातल्यासारखंच निघालं की रं हे."

त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर सभा भरली. मामा, गुरुजी, आक्का, आम्ही, आणि मधोमध अध्यक्षस्थानी स्वतः सरपंच, पाय चाटत. ठराव मांडला आईने. यापुढे कुठल्याही घरी दूध नाही, पाव नाही, बोंबील नाही, चरबी नाही. (सुक्या बोंबलात मीठ किती असतं, ते मामांना मान्य करायला लावावं लागलं.) प्रत्येक घरी त्याच गोळ्यांची एकेक बरणी राहील आणि जो ज्या वेळी वाढतो त्याने मोजून मूठ वाढायची. गुरुजींनी मूठ कोणाची, असा हरकतीचा मुद्दा काढला, तेव्हा चहाचा कप हे माप ठरलं. मामांनी विचारलं, "आमच्या वाघ्याचं काय?" त्यांना अजून पटलेलं नव्हतं.

विरोधकांची घरं बंद झाल्यावर सरपंचांना बहुमताचा अंदाज आला. त्यांनी आधी कोमट चिकनमधल्या चार गोळ्या खाल्ल्या. मग चिकनखालच्या खाल्ल्या. काही आठवड्यांनी नुसत्या गोळ्यांची ताटली रिकामी झाली. ती रिकामी ताटली बायकोने सगळ्या गल्लीला फिरवून दाखवली. पोटाचं कामकाज घट्ट झालं, पाठीवर हात फिरवला की केस रेशमासारखे लागायला लागले. आई म्हणते, तुळशीच्या तीर्थाचा गुण.

तीर्थाचा थोडा गुण असेलही. मांजराचे पूर्वज म्हणजे वाळवंटी मुलखातली रानमांजरं, त्यामुळे त्याला तहान कमी लागते. पाणी त्याला भक्ष्यातूनच मिळायचं. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, सुक्या गोळ्यांत जेमतेम दहा. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर गेला की नुसत्या गोळ्या खाणाऱ्या बोक्याची लघवी दाट होते, खडे धरतात, आणि बोक्याची मूत्रनळी अरुंद असल्याने एखादा खडा वाटेतच अडकतो. बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि होत काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते. रात्रीच डॉक्टर गाठायचा. म्हणून गोळ्यांसोबत ओलं काहीतरी हवं, उकडलेलं चिकन त्याच पाण्यासकट द्यावं, आणि पाण्याची भांडी जेवणापासून लांब, घरात दोन-चार ठिकाणी ठेवावीत. आम्ही तशी मांडली. सरपंच त्यांतलं एकही वापरत नाहीत. ते तुळशीजवळच्या आईच्या तांब्यात तोंड घालून पितात आणि आई त्यांना काही म्हणत नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. मोहोळ स्टेशनवर उतरून पंढरीला निघालात आणि गाडीची वाट बघत आमच्या गल्लीत सावलीला टेकलात, तर एक तांबडा बोका येऊन पायाला अंग घासेल, आठ दिवसांचा उपाशी असल्यासारखा ओरडेल आणि तुमच्या शिदोरीकडे बघेल. त्याला वाघ्या म्हणा, बंडू म्हणा, तो प्रत्येक नावाला ओ देईल. कृपा करून दूध-भाकरी देऊ नका. त्याचं जेवण झालेलं असतं.